तळावलीच्या इगर्जीचे धनी

गोव्यातल्या इगर्जींविषयी, म्हणजे चर्चविषयी, मराठीत लिहिताना बहुधा दोनपैकी एक सूर लागतो. पहिला संतापाचा. देवळे पाडली, त्यांच्या जागी परक्यांनी आपले धर्मचिन्ह उभारले आणि ते आजही तिथेच आहे, असे तो सांगतो. दुसरा सूर पर्यटनाच्या माहितीपत्रकातला. पूर्व-पश्चिमेचा मनोहर मिलाफ, माडांच्या गर्दीतली शुभ्र वास्तू, मेणबत्त्या, व्हायोलिन, आणि जमलेच तर शेवटी घोटभर फेणी. हे दोन सूर एकमेकांशी भांडत असले तरी एका बाबतीत त्यांचे छान जमते. दोघांच्याही लेखी इगर्ज बांधणारा पोर्तुगीजच असतो. गावातला माणूस पहिल्या कथेत बळी असतो, दुसऱ्या कथेत फेस्ताला नटून आलेला प्रेक्षक. माझे म्हणणे असे की, निदान सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे गोव्याच्या खेड्यापाड्यांत ज्या भव्य इगर्जी उभ्या राहिल्या, त्यांचे खरे कर्ते गोमंतकीय ख्रिस्ती होते. पाद्री त्यांच्यातले, पैसा बव्हंशी त्यांच्या शेतांतला, आणि त्या भिंतींवर जो दिमाख दिसतो तोही त्यांच्याच मानापमानाच्या हिशेबातून आलेला. हे तपासायचे तर पणजीची जिन्यांची इगर्ज किंवा जुन्या गोव्यातले बों जेझूस सोडून एखाद्या गावात जावे लागते. मी तळावलीची सांत आनाची इगर्ज निवडली आहे.

तळावली हे तिसवाडीतले, जुन्या गोव्याच्या दक्षिणेला काही किलोमीटरवरचे बेताचे गाव. सांत आना म्हणजे मारियेची आई, येशूची आजी. टोपी घातलेली, हातात काठी घेतलेली एक म्हातारी इथे दिसली आणि हे घर आपले असल्याचे तिने सांगितले, अशी गावात जुनी कथा आहे. कागदपत्रांतली कथा निराळी. आजच्या इमारतीचे काम १६८१ मध्ये मोन्सिन्योर फ्रान्सिस्को दो रेगो यांनी सुरू केले आणि १६९५ मध्ये आंतोनियो फ्रान्सिस्को द कुन्हा या पाद्रींनी ते पुरे केले. दो रेगो गोमंतकीय ब्राह्मण कुळातले. इमारतीच्या दोन अंगांना जमिनीपासून चढत गेलेले पाच मजली मनोरे, त्यांच्यामध्ये तितकीच भारदस्त दर्शनी भिंत, खिडक्यांच्या ओळींवर ओळी, प्रत्येक मजल्याच्या माथ्याशी ठळक आडवी पट्टी, सर्वांत वर कठडे. आत उंच, कमानदार छताचा मंडप, भिंतींच्या जाडीत खोल कोनाडे करून बसवलेल्या वेद्या, शिंपल्याच्या रेषा उमटवलेली कोनाड्यांची छते, आणि मुख्य वेदीमागे सोन्याचा वर्ख दिलेली कोरीव लाकडी चौकट. एवढी इमारत शहरात शोभली असती. ती शेताच्या कडेला आहे, आणि खरा प्रश्न इथेच सुरू होतो.

आधी तारखा पाहू. पोर्तुगीज सत्तेचा भर सोळाव्या शतकातला. १५१० मध्ये गोवा शहर त्यांच्या हाती आले, १५४३ मध्ये बारदेस आणि सासष्टी कायमचे आले, १५६२ मध्ये से कॅथेड्रलचे काम सुरू झाले. सतराव्या शतकात हाच ओघ उलटा फिरला. १६४१ मध्ये मलाक्का गेले, १६५८ पर्यंत सिलोन गेले, १६६३ मध्ये कोची गेली, सगळी डचांच्या घशात. साथींनी पोखरलेले गोवा शहर ओस पडू लागले होते. तळावलीचे काम सुरू होऊन दोन वर्षे होतात न होतात तोच, नोव्हेंबर १६८३ मध्ये, संभाजीराजांच्या माणसांनी जुवे बेट घेतले. शहर तिथून हाकेच्या अंतरावर. ते परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय, आल्व्होरचा काउंट फ्रान्सिस्को द ताव्होरा, जखमी होऊन परतला आणि त्याने आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी नेऊन ठेवला. आता राज्य तुम्हीच सांभाळा, असे संताला सांगण्याची वेळ आलेली ही राजवट. त्यानंतर मराठ्यांनी सासष्टी आणि बारदेस झोडपून काढले, आणि शाहआलमची मोगल फौज कोकणात उतरली म्हणून शहर वाचले. पुढच्याच वर्षी, जून १६८४ मध्ये, याच व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. घाबरलेले सरकार असले हुकूम काढते. पण अशा सरकारला आतल्या एका खेड्यात पाच मजली मनोऱ्यांची इगर्ज बांधायला ना सवड होती, ना कारण. इगर्जी ही केवळ राजसत्तेची निशाणी असती तर सत्तेसोबत त्याही आकसल्या असत्या. झाले उलटे. साम्राज्य आटत गेले तशा गावच्या इगर्जी रुंद आणि उंच होत गेल्या. मडगावची सांतु इस्पिरितची आजची इमारत १६७५ मध्ये सुरू झालेली. दिवाडीच्या टेकडीवरची पियेदादची इगर्ज अठराव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतली. कळंगुटची सांत आलेशची पुनर्बांधणी त्याहून नंतरची.

हा उत्साह कुणाचा होता, हे पाद्रींच्या चरित्रांवरून उलगडते. सासष्टीतल्या इगर्जी जेझुइटांच्या ताब्यात होत्या आणि बारदेसातल्या फ्रान्सिस्कनांच्या. या युरोपीय संघांची दारे स्थानिक पाद्रींना जवळजवळ बंद होती. लॅटिन शिकावे, धर्मशास्त्र शिकावे, पोर्तुगीज पाद्रीपेक्षा सरस प्रवचन करावे आणि तरीही आयुष्यभर त्याचा मदतनीस म्हणून राहावे, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा. दिवाडीच्या मातेउश द काश्त्रोला गोव्यात थारा मिळेना म्हणून तो रोमला गेला, १६३७ मध्ये बिशप होऊन आला आणि उरलेले आयुष्य पोर्तुगीज अधिकाऱ्यांशी झगडत राहिला. बाणावलीत जन्मलेले जुझे व्हाज (२०१५ मध्ये पोप फ्रान्सिसने कोलंबोत संत घोषित केलेले) आणि त्यांचे सहकारी यांनी १६८० च्या दशकात ओरातोरियन संघाचे बस्तान गोव्यात बसवले. देशी पाद्रींचा स्वतःचा संघ म्हणायचा तर हाच. तिसवाडीत बऱ्याच गावांच्या इगर्जी कुठल्याही संघात नसलेल्या देशी पाद्रींकडे होत्या, म्हणून आपल्या मनाप्रमाणे बांधण्याची मोकळीकही त्यांना इथेच मिळाली. तळावलीची इगर्ज तिसवाडीत झाली हा योगायोग नव्हे.

यांच्यातला आंतोनियो जुआंव द फ्रियास हा पाद्री तर थेट आपल्या मुद्द्याशी भिडतो. जन्म तळावलीचा. दिवाडीच्या पियेदादच्या इगर्जीची रचना त्याच्या नावावर सांगितली जाते. आणि १७०२ मध्ये लिस्बनला त्याचा एक ग्रंथ छापला गेला, ज्याचा विषय गोव्याच्या ब्राह्मणांचे कुलश्रेष्ठत्व हा आहे. बाप्तिस्मा घेतलेला पाद्री आपल्या ब्राह्मण्याची थोरवी पोर्तुगीजमध्ये गातो! हे वाचून चारडो, म्हणजे स्वतःला क्षत्रिय मानणारे ख्रिस्ती, गप्प बसणे शक्यच नव्हते. १७१३ मध्ये लिओनार्दो पायस या चारडो पाद्रीने लिस्बनलाच आपले प्रत्युत्तर छापले. या वादातली वंशावळींची पाने आज करमणुकीची वाटतील, पण त्यांच्यामागची निकड समजून घ्यायला हवी. धर्म बदलून दीडशे वर्षे झाली, तरी गोऱ्यांच्या दरबारात आपण काळेच, अशी ज्यांची ठसठस होती त्यांनी दोन भाषांत उत्तर दिले. एक ग्रंथांची भाषा, दुसरी इमारतींची. ही दोन्ही कामे करणारा फ्रियास एकच असावा, इतका स्पष्ट पुरावा इतिहास क्वचितच हातात देतो.

पैशाचे काय? इथे गावकरीकडे वळावे लागते. पोर्तुगीज येण्याआधीपासून गोव्यातली गावे गावकरांच्या संस्था चालवत. जमीन सामायिक, लिलावाने कसायला दिलेली, बांध आणि मानशी (पाण्याची दारे) यांची देखभाल संस्थेकडे, आणि खर्च वजा जाता उरलेले उत्पन्न गावकरांत जोण म्हणून वाटलेले. १५२६ मध्ये आफोन्सो मेशियाने तिसवाडीतल्या या रूढी लिहून काढल्या, कारण महसूल गोळा करायचा तर याच संस्थांमार्फत करावा लागणार होता. देवळाचा खर्चही गावकरीच करी. पुजारी, भाविणी, वाजंत्री, सुतार यांना जमिनी लावून दिलेल्या असत. तिसवाडीतली देवळे पाडल्यावर १५४१ मध्ये या जमिनींचे उत्पन्न कपेलांकडे (छोट्या प्रार्थनागृहांकडे) आणि धर्मप्रचाराकडे वळवण्यात आले. म्हणजे जो गाव देवळाचा खर्च उचलत होता तोच आता इगर्जीचा उचलू लागला. पहिल्या पिढीत हे सक्तीचे होते, याविषयी शंका नको. पण देणाऱ्याच्या हातात तिजोरीच्या किल्ल्या असल्या की हळूहळू त्याचा शब्दही चालू लागतो. घंटा केवढी असावी, वेदीला वर्ख द्यायचा की रंगावर भागवायचे, शेजारच्या गावाने मनोरा चढवला तर आपला किती चढवायचा, हे लिस्बनला कोण विचारणार? त्यात भर कॉन्फ्रारियांची. लाल किंवा निळा खांदेपट्टा पांघरून मिरवणुकीत चालणारी ही मंडळे, आणि कुठल्या मंडळात कुठल्या जातीला जागा, कुठल्या संताचे फेस्त कुणाचे, पालखीसारखा उचलायचा पुतळा कुणाच्या खांद्यावर, यावरून झालेले तंटे विसाव्या शतकापर्यंत गाजले. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावजत्रेचे मानपान ज्याने पाहिले आहेत त्याला यात नवखे काही वाटणार नाही.

आता भिंतीकडे येऊ. गोव्याचा दगड म्हणजे जांभा, तिथल्या बोलीत चिरा. तो खाणीतून काढायला सोपा, वजनाने सुसह्य, पण छिद्राळ आणि भरड. त्यावर बारीक नक्षी टिकत नाही आणि उघडा पडला तर कोकणातला पाऊस त्याला खातो. ज्यांच्याकडे राजाचा किंवा संघाचा पैसा होता त्यांनी कोरीव कामासाठी दगड बाहेरून आणला. बों जेझूसच्या दर्शनी भागातला काळा दगड वसईहून जहाजाने गेलेला आहे. गावाच्या आवाक्यात ते नव्हते. म्हणून चिरा आणि त्यावर शिंपल्यांचा चुना, असा मार्ग त्यांनी धरला आणि याच अडचणीतून गोव्याच्या इगर्जीचे रूप घडले. गिलाव्यात खोल कोरता येत नाही, पण पट्ट्या, कोन, सपाट खांब, कोनाडे सफाईने काढता येतात. त्यामुळे दर्शनी भिंतीवर मूर्तींची दाटी न होता रेषांची चौकट उमटली. पावसाळ्यानंतर दरवर्षी चुना द्यावाच लागतो, म्हणून रेषा बोथट आणि पांढऱ्या होत गेल्या. खिडक्यांना काचेऐवजी चपट्या शिंपल्यांच्या पातळ चकत्या लाकडी जाळीत बसवल्या, त्यातून ऊन दुधासारखे गाळून आत येते. पोर्तुगीज वास्तूंचे अभ्यासक पावलो वारेला गोम्स यांनी गोव्याच्या इगर्जींवरील आपल्या ग्रंथाच्या नावातच चुन्याचा पांढरा हात आणि तांबडा दगड यांना स्थान दिले, ते उगाच नव्हे. या इगर्जी पोर्तुगालच्या वास्तुकलेची शाखा मानता येत नाहीत, त्या गोव्याच्याच आहेत, असा त्यांचा निष्कर्ष. पोर्तुगीज अभ्यासकाने असे म्हणणे याला थोडे अधिक वजन आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. खांब रोमन, कमानी रोमन, कठडे इटालियन, मग यात गोव्याचे काय? तळावलीचा दर्शनी भाग तर जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन संघाच्या ग्रासा इगर्जीवरून घेतलेला दिसतो. १५९७ ते १६०२ मध्ये बांधलेल्या त्या इगर्जीचा आज एकच भग्न मनोरा उरला आहे, सुमारे ४६ मीटर उंचीचा, आणि तळावलीचे मनोरे पाहताना त्याची आठवण होतेच. आक्षेपातली वस्तुस्थिती मला मान्य आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष नाही. नमुना कुठला घेतला हे पाहावे. शेकडो कोसांवरच्या लिस्बनची इगर्ज त्यांनी नमुना म्हणून घेतली नाही. राजधानीतली, सर्वांत उंच, सर्वांत मानाची, युरोपीय संघाची इगर्ज घेतली. ज्या संघात आपल्याला प्रवेश नाही त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्याच तोडीची इमारत खेड्यात उभी करायची, ही निवडच मुळात बोलकी आहे. पोर्तुगालच्या खेड्यातली इगर्ज सहसा बसकी, लहान, बहुधा एकाच घंटाघराची. तळावलीचे बांधणारे आपल्या खेड्याला त्या मापाने मोजायला तयार नव्हते.

आणि उसनवारीचाच मुद्दा काढायचा तर मराठी वाचकाने जरा जपून बोलावे. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट. १५७९ मध्ये तो गोव्यात आला, सासष्टीत राहिला आणि १६१६ मध्ये रायतूरला त्याचे क्रिस्तपुराण छापले गेले. ओवी आपली, पुराणाचा घाट आपला, विषय बायबलचा. त्याला आपण नक्कल म्हणत नाही, मराठीचे लेणे म्हणतो, आणि ते योग्यच आहे. मग इंग्रजाने हाती घेतलेली ओवी मराठी ठरते, तर गोमंतकीयाने हाती घेतलेली कमान परकी का ठरावी? घाट कुठून आला यापेक्षा तो कुणी, कशासाठी वापरला याला साहित्यात आपण महत्त्व देतो. वास्तूला वेगळा न्याय लावायचे कारण मला दिसत नाही.

याच आक्षेपाचे दुसरे उत्तर अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्यात आहे. मुरगाव-सासष्टीतले देव ज्या प्रदेशात गेले तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पोर्तुगीजांकडे नव्हता. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदोड्याला. यांतल्या कवळ्याच्या देवळाचे आजचे बांधकाम छत्रपती शाहूंच्या काळातले, त्यांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने झालेले. त्या देवळाकडे पाहावे. घुमट, अष्टकोनी मनोरावजा शिखर, कठडे, अर्धवर्तुळाकार कमानींच्या खिडक्या, भिंतीतून किंचित उठलेले सपाट खांब. मराठी राज्याच्या मंत्र्याने, पोर्तुगीजांपासून पळवून आणलेल्या देवीसाठी बांधवून घेतलेल्या देवळात हे सारे आले कसे? कुणी सक्ती केली नव्हती. याचा सरळ अर्थ इतकाच की तोवर ही बांधणी गोव्यातल्या गवंड्या-सुतारांच्या हातची झाली होती आणि ते ती इगर्जीलाही वापरत, देवळालाही. फोर्डम विद्यापीठात शिकवणारे गोमंतकीय पंडित जुझे परेरा यांनी आपल्या ग्रंथांत इगर्जी आणि ही देवळे एकाच परंपरेत ठेवून अभ्यासली, आणि तो मार्ग मला बरोबर वाटतो.

एक मोह मात्र टाळला पाहिजे. इगर्जीचे देशीपण सिद्ध करायचे म्हणून अनेक लेखक नक्षीत लपलेला हिंदू शोधत बसतात. इथे कमळ, तिथे नागीण, पलीकडे यक्ष. गोव्यातल्या काही प्रवचनपीठांचा भार कमरेखाली सर्पाकृती झालेल्या स्त्रियांनी तोललेला आहे, हे खरे. सतराव्या शतकातल्या हस्तिदंती बाल-मेंढपाळाच्या मूर्तीत, डोंगरावर बसून डोळे मिटलेल्या त्या मुलात, बुद्धाची किंवा बाळकृष्णाची छटा दिसते, हेही खरे. पण युरोपच्या नक्षीतही जलपऱ्या आणि वेली होत्याच. एखादी आकृती कुठून आली हे दर वेळी सांगता येत नाही, आणि सुताराने ती गुपचूप बंड म्हणून कोरली असे मानणे म्हणजे आपल्या आवडीची कादंबरी त्याच्या पटाशीत कोंबणे. ठोस पुरावा वेगळा आहे. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्ती प्रतिमा आणि पूजेच्या वस्तू हिंदू कारागिरांकडून करवून घेऊ नयेत असे बजावले. असा निर्बंध परिषदेत घालावा लागतो याचा अर्थ काम त्यांच्याकडेच जात होते, आणि तो घालूनही जात राहिले, कारण सोनार, चारी, चितारी दुसरे आणायचे कुठून? सेंट झेवियरची सुप्रसिद्ध चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच रौप्यकारांनी घडवली. तस्कनीच्या कोझिमो तिसऱ्याने पाठवलेला, फोज्जिनीने घडवलेला संगमरवरी चौथरा तिच्याखाली १६९८ मध्ये बसला. फ्लॉरेन्सचा दगड खाली, गोव्याची चांदी वर! कारागीर देशी होता हे इतके उघड आहे की त्यासाठी नागिणी मोजायची गरज नाही.

आता सर्वांत जड आक्षेप. ही सगळी चर्चा पाडलेल्या देवळांवर रंगसफेदी करते, असे कुणी म्हणेल. त्याला बगल देता येत नाही. १५६७ च्या सुमारास रायतूरच्या कप्तानाने, दियोगो रोड्रिगिशने, सासष्टीतली देवळे पद्धतशीर जमीनदोस्त केली. मडगावची इगर्ज दामोदराच्या देवळाच्या जागी आहे आणि दामोदर जांबावलीला. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदीपलीकडे नार्व्याला न्यावा लागला, तिथल्या देवळाचा १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला. दिवाडीच्या दफनभूमीतल्या कपेलात कदंबकालीन देवळाचे कोरीव छत अजून पाहता येते. कुंकळ्ळीच्या गावकरांनी १५८३ मध्ये पाच जेझुइटांना ठार केले, आणि नंतर बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यावर बोलावून त्या गावकरांनाच मारण्यात आले. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली चार वर्षे सोडता, इन्क्विझिशनची दहशत ख्रिस्ती झालेल्यांच्याच माजघरांत शिरत होती. हे सगळे ध्यानात ठेवूनच तळावलीकडे पाहायचे आहे. पण देऊळ कुणी पाडले आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी इगर्ज कुणी बांधली हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावून भागत नाही. १६८१ मधला तळावलीचा ख्रिस्ती गावकर हा देऊळ पाडणाऱ्याचा वंशज नव्हता. ज्यांचे देऊळ गेले त्यांचाच पणतू होता. त्याच्या इमारतीला पोर्तुगीजांची कामगिरी म्हणणे म्हणजे जे त्याच्या पूर्वजांकडून हिसकावले गेले त्यात त्याचे स्वतःचे कर्तृत्वही जोडून देणे. आणि हिंसेचा विसर पडावा म्हणूनच सजावट केली, असेही म्हणता येत नाही. इन्क्विझिशनच्या राज्यात आपण पक्के ख्रिस्ती आहोत हे दाखवण्याची गरज त्या सजावटीत होतीच. सोन्याचा वर्ख भक्तीचा, मानाचा आणि काही अंशी भीतीचाही असू शकतो.

माझ्या मांडणीला खरी मर्यादा आहे ती दुसरीकडे. ‘गावाने बांधली’ म्हणताना गाव म्हणजे कोण? गावकरीत जोण मिळे ती गावकर कुळांतल्या पुरुषांना. कुणबी, गावडे, सुदीर, चिरे फोडणारे, चुन्याच्या भट्ट्या पेटवणारे, डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या बाया, यांना गावाचे धनीपण नव्हते, आणि इमारतीवर नाव कोरायचे तर ते पाद्रीचे. फ्रियासच्या ग्रंथातला स्वाभिमान आणि शेजाऱ्याला कॉन्फ्रारियेत येऊ न देणारा अहंकार हे एकाच कुळातले. पोर्तुगिजांपुढे ताठ उभे राहणारे मनोरे गावातल्या खालच्या आळीकडेही त्याच ताठ्याने पाहत होते. म्हणूनच इगर्जीचे देशीपण हे गौरवाने सांगायचे प्रमाणपत्र मानू नये. ती जितकी आपली आहे तितकी आपल्या जातींसकट आहे.

तरीही ज्यांच्या नावावर ती नव्हती त्यांनी तिचा आपल्या परीने ताबा घेतला. जुलैअखेरीस सांत आनाचे फेस्त होते त्याला सगळा गोवा तवशांचे, म्हणजे काकड्यांचे, फेस्त म्हणून ओळखतो. पावसात पहिली तवशी धरलेली असतात. मूल हवे असलेली जोडपी आजीपुढे तवसे ठेवतात, बायको हवी असलेला चमचा ठेवतो, नवरा हवा असलेली उडीद ठेवते. रांगेत हिंदूही असतात. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला शिरगावच्या लईराईची बहीण मानून तेल वाहणारे हिंदू आहेत, तसेच हे. धर्मशास्त्राचा पाद्री याकडे कानाडोळा करतो, समाजशास्त्राचा प्राध्यापक यावर शोधनिबंध लिहितो. मला यात एवढेच महत्त्वाचे वाटते की, ऑगस्टमध्ये ताळगाव किंवा राय इथे गावकर नव्या भाताची पहिली कणसे कापून इगर्जीत आणतात त्याच पंचांगावर हेही बेतलेले आहे. मनोरे रोमच्या नकाशावर बेतलेले असतील. आतले वर्ष मात्र शेताच्या तालावर चालते.

निदान चालत होते. १९६४ च्या कूळकायद्याने आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक केले. गावकरी, म्हणजे आजची कोमुनिदाद, उरली ती पडीक माळ, अतिक्रमणे आणि कोर्टकज्जे सांभाळणारी. वर उल्लेखलेल्या वगळलेल्यांच्या दृष्टीने हा न्याय उशिराचाच, पण इगर्जीची तिजोरी त्यासोबत बदलली. आज छताची कौले बदलायची किंवा वेदीला नवा वर्ख चढवायचा तर पैसा आखातातून, बोटीवरच्या नोकऱ्यांतून, लंडन-स्विंडनच्या गोंयकारांकडून येतो, आणि पूर्वीसारखाच देणाऱ्याचा शब्द चालतो. त्याला झटपट आणि टिकाऊ हवे असते, म्हणून चुन्याऐवजी सिमेंट आणि प्लास्टिक रंग येतो, जमिनीवरच्या जुन्या थडग्यांच्या फरशांवर गुळगुळीत टाइल्स बसतात. सिमेंटखाली चिऱ्याला श्वास घेता येत नाही, आत शिरलेले पावसाचे पाणी अडकते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. उलटा प्रकार बों जेझूसमध्ये झाला. १९५० च्या दशकात बाल्ताझार काश्त्रो या पोर्तुगीज वास्तुरचनाकाराने जुनेपणा उठून दिसावा म्हणून तिचा गिलावा खरवडून काढला, आणि आज पर्यटक ज्या तांबड्या भिंतींपुढे फोटो काढतात त्या भिंती तेव्हापासून दर पावसाळ्यात झिजत आहेत. तिथे पुन्हा गिलावा चढवावा की नाही, यावर पुरातत्त्व खाते, चर्च आणि वास्तुतज्ज्ञ यांचे एकमत अजून होत नाही. गावच्या इगर्जीला इतकी मोठी चर्चा परवडत नाही. तिथे निर्णय फाब्रिकेच्या, म्हणजे इगर्जीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, बैठकीत होतो, पावसाळ्यापूर्वी, हातात असलेल्या रकमेवर. चुना भिजवून मुरवणारा गवंडी आता फारसा सापडत नाही, आणि सापडला तर तो सिमेंटवाल्यापेक्षा महाग पडतो.